एकाच नंबरच्या दोन क्लिप आणि एक कायमची गायब! कॅमेरा, मोबाइलमधले व्हिडिओ फाइल नंबर कसे सांभाळाल? वाचा सविस्तर

वाघोली : लग्न असो, शाळेचं गॅदरिंग असो, बैलगाडा शर्यत असो की गारपिटीनं आडवा झालेला गहू असो, व्हिडिओ काढणं आता कुणालाही जमतं. अडचण येते ती नंतर. दोन कार्डांतल्या फाइल एकाच फोल्डरमध्ये टाकल्या, कॉम्प्युटरनं विचारलं 'या नावाची फाइल आधीच आहे, बदलू का?' आणि घाईत 'हो' दाबलं, की पहिली क्लिप गेली. कॅमेरा बिघडलेला नसतो, कार्डही चांगलं असतं. तरी हळदीचं अख्खं शूटिंग गायब. कारण एवढंच, की कॅमेऱ्यानं दोन वेगळ्या क्लिपना एकच नंबर दिलेला असतो.

वाघोली, केसनंद, लोणीकंद, पेरणे फाटा या नगर रस्त्याच्या पट्ट्यात मंगल कार्यालयं भरपूर. शूटिंगवर पोट भरणारी पोरंही भरपूर. शिवाय आता गावोगावी ज्याच्या हातात मोबाइल तो कॅमेरामन. म्हणून हा नंबरचा मामला नीट समजून घेऊ. शिकायला अर्धा तास पुरतो आणि खर्च काहीच नाही.

(कॅमेऱ्यात फाइलची नावं इंग्रजी अक्षरांत दिसतात. इथं वाचायला सोपी म्हणून देवनागरीत दिली आहेत.)

नंबर म्हणजे गट नंबर समजा

सातबाऱ्यावरचा गट नंबर ११२ वाघोलीतही असू शकतो आणि केसनंदलाही. नुसतं '११२' म्हणून जमीन सापडत नाही, गावाचं नाव लागतं. व्हिडिओ फाइलचंही तसंच आहे. फाइलचा नंबर म्हणजे गट नंबर आणि फोल्डर म्हणजे गाव. दोन गावांचे कागद एकाच गठ्ठ्यात बांधले की घोळ होणारच.

कॅमेऱ्याला कार्यक्रम कळत नाही. साखरपुडा संपला आणि लग्न सुरू झालं हे त्याला कुणी सांगत नाही. तो फक्त कार्डावर शेवटचा नंबर कोणता आहे ते बघतो, नाहीतर स्वतःच्या आठवणीत शेवटचा कोणता होता ते बघतो आणि पुढचा देतो. ही दोन्ही वागणी वेगळी आहेत आणि सगळा खेळ तिथंच आहे.

वेगवेगळे कॅमेरे नंबर कसे देतात?

- साधे कॅमेरे, डीएसएलआर : जपानच्या कॅमेरा उद्योगानं १९९८ साली डीसीएफ नावाचा नियम ठरवला. त्यानुसार कार्डात 'डीसीआयएम' नावाचं मुख्य फोल्डर असतं. आतल्या फोल्डरला १०० ते ९९९ असा तीन आकडी नंबर असतो आणि फाइलला ०००१ ते ९९९९ असा चार आकडी. कॅननच्या कॅमेऱ्यात व्हिडिओचं नाव 'एमव्हीआय_०००१' असं दिसतं ते यामुळंच.

- हँडीकॅम, एव्हीसीएचडी प्रकार : सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २००६ मध्ये हा प्रकार आणला. आजही अनेक गावांत लग्नाचं शूटिंग या कॅमेऱ्यांवर होतं. यात क्लिप 'प्रायव्हेट' फोल्डरच्या आत बऱ्याच खोल, 'स्ट्रीम' नावाच्या फोल्डरमध्ये असतात. नाव नुसतं पाच आकडी : ०००००.एमटीएस, ००००१.एमटीएस. कार्ड फॉरमॅट केलं किंवा दुसरं कार्ड घातलं की पुन्हा ००००० पासून सुरुवात. सगळ्यात जास्त क्लिप इथंच एकमेकींवर चढतात.

- सोनीचा नंतरचा एक्सएव्हीसी एस प्रकार : यात नाव 'सी०००१.एमपी४' असं येतं. जोडीला त्याच नंबरची एक छोटी एक्सएमएल फाइल असते. ती कचरा समजून उडवू नका.

- गोप्रो : मोठी क्लिप तुकड्यांत साठवली जाते. नव्या मॉडेलमध्ये 'जीएच०१००३४' हा ३४ नंबरच्या क्लिपचा पहिला तुकडा आणि 'जीएच०२००३४' हा त्याच क्लिपचा दुसरा तुकडा. म्हणजे गट ३४ चे हिस्से एक आणि दोन. पण नावाप्रमाणं लावलं तर आधी सगळ्या क्लिपचे पहिले तुकडे येतात, मग सगळ्यांचे दुसरे. क्रम पार उलटापालटा.

- मोबाइल : अँड्रॉइड फोनमध्ये नंबर नसतो, नावातच तारीख आणि वेळ असते. उदाहरणार्थ 'व्हीआयडी_२०२५०८१५_०७३०१२' म्हणजे १५ ऑगस्ट २०२५, सकाळी साडेसात. आयफोनमध्ये मात्र 'आयएमजी_०००१' असा चार आकडी नंबरच असतो.

- पिक्सेल फोन : यात नावातली वेळ भारताची नसते, जागतिक वेळ असते. ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. समजा १६ तारखेला पहाटे दोन वाजता गोठ्यापाशी बिबट्या दिसला आणि व्हिडिओ काढला, तर फाइलच्या नावात १५ तारीख आणि रात्रीचे साडेआठ दिसतील. कुणी विचारलं तर आधीच हे माहीत असलेलं बरं.

पहिलं काम : मेनूत जाऊन 'कंटिन्युअस' करा

बऱ्याच कॅमेऱ्यांच्या मेनूत 'फाइल नंबर' किंवा 'फाइल नंबरिंग' असा पर्याय असतो. त्यात दोन गोष्टी दिसतात.

१) कंटिन्युअस किंवा सिरीज : कार्ड बदललं, फॉरमॅट केलं, तरी नंबर पुढंच चालत राहतो. सकाळी ०४५० वर थांबलात तर दुपारी नव्या कार्डावर ०४५१ पासून सुरू.

२) रिसेट : कार्ड बदललं किंवा फॉरमॅट केलं की पुन्हा ०००१.

कायम पहिला पर्याय ठेवा. जनावरांच्या कानातला बारा आकडी पिवळा बिल्ला कसा, एकदा दिलेला नंबर दुसऱ्या गाईला मिळत नाही, तसं वागणं कॅमेऱ्याकडून करून घ्यायचं. ९९९९ पर्यंत जायला भरपूर वेळ लागतो. तिथं पोचलं की कॅमेरा नवीन फोल्डर करून पुन्हा ०००१ पासून मोजतो.

तीन गोष्टी ध्यानात ठेवा :

- दुसऱ्याच्या कॅमेऱ्यातलं, भरलेलं कार्ड तुमच्या कॅमेऱ्यात घातलं आणि त्यावर मोठा नंबर असेल, तर अनेक कॅमेरे तिथून पुढं मोजायला लागतात. ०४५० वरून एकदम ७८०० वर उडी पडते. म्हणून उसनं कार्ड आधी मालकाला विचारून रिकामं करा, आपल्या कॅमेऱ्यात फॉरमॅट करा, मगच शूटिंग.

- ९९९९ ओलांडल्यावर नावाप्रमाणं लावलं तर ०००१ आधी येतो आणि ९९९९ शेवटी जातो. मिरवणूक आधी आणि वरात निघायची तयारी नंतर, असा प्रकार होतो. अशा वेळी फाइल तारखेप्रमाणं लावा.

- एव्हीसीएचडी हँडीकॅममध्ये व्हिडिओसाठी हा पर्याय बहुधा मिळतच नाही. तिथं पुढं दिलेली फोल्डरची पद्धत हाच उपाय.

दुसरं काम : तारीख आणि घड्याळ

कॅमेरा काही महिने कपाटात पडून राहिला की आतला छोटा सेल उतरतो आणि तारीख मूळ जागी जाते. मग या वर्षीच्या लग्नाच्या क्लिपवर कित्येक वर्षं जुनी तारीख बसते. कॅमेरा बाहेर काढला की आधी घड्याळ बघायची सवय लावा.

दोन कॅमेरे असतील तर दोन्हींची वेळ मोबाइलवर बघून मिनिटासकट जुळवा. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी दोन्ही कॅमेऱ्यांनी मोबाइलच्या घड्याळाचा पाच सेकंदांचा शॉट घ्यावा. पुढं एडिटिंगला बसणाऱ्याला कोणती क्लिप कुठं लागते ते शोधत बसावं लागत नाही.

तिसरं काम : कार्डाला नाव द्या

कार्डावर पक्क्या मार्करनं बारीक नंबर लिहा : १, २, ३. भरलेलं कार्ड डबीत उलटं ठेवा, रिकामं सुलटं. कार्डाच्या कडेला छोटं लॉकचं बटण असतं, भरलं की ते सरकवून ठेवा. एक जानेवारीला पेरणे फाट्यावर जयस्तंभाच्या गर्दीत दिवसभर शूटिंग करायचं, नाहीतर महाशिवरात्रीला वाघेश्वर मंदिरात, तर चार चार कार्डं लागतात. अंधार पडायला आला की कोणतं भरलं आणि कोणतं रिकामं हे डोक्यात राहत नाही. डबीत मात्र राहतं.

चौथं काम : अख्खं कार्ड, वेगळ्या फोल्डरमध्ये

घरी आल्यावर एका कार्डासाठी एक नवीन फोल्डर. फोल्डरचं नाव असं :

२०२६-०१-२६_वाघोली_झेंडावंदन_कॅमेरा१_कार्ड२

आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. असं लिहिलं की फोल्डर आपोआप तारखेच्या क्रमानं लागतात. '२६-०१-२०२६' असं उलटं लिहिलं तर सगळ्या महिन्यांच्या २६ तारखा एकत्र येतात. नाव इंग्रजी अक्षरांतच ठेवा, कारण काही जुनी सॉफ्टवेअर आणि पेनड्राइव्हवर चालणारे टीव्ही देवनागरी नाव वाचत नाहीत. मधे मोकळी जागा सोडू नका, आडवी रेघ वापरा.

आता कार्डातलं सगळं जसंच्या तसं उचलून त्या फोल्डरमध्ये कॉपी करा. नुसत्या व्हिडिओ फाइल शोधून उचलू नका. एव्हीसीएचडी प्रकारात क्लिपबरोबर तिची माहिती सांगणाऱ्या बारीक फाइल असतात आणि त्या क्लिपला नंबरावरूनच ओळखतात. त्या मागं राहिल्या तर मोठ्या क्लिपचे तुकडे जोडताना सांध्यावर आवाज किंचित तुटतो. मोठं भाषण किंवा कीर्तन असेल तर ते कानाला लगेच कळतं. अख्खं कार्ड कॉपी केलं असेल तर कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून किंवा चांगल्या एडिटिंग सॉफ्टवेअरमधून ते तुकडे नीट जुळतात.

कॉपी करताना हे तीन नियम मोडू नका :

- 'कट' करू नका, 'कॉपी'च करा. कट करताना मधेच लाइट गेली तर दोन्हीकडचं धोक्यात.

- 'बदलू का' असं विचारलं तर कधीच 'हो' म्हणू नका. तिथंच थांबा. याचा अर्थ तुम्ही चुकीच्या फोल्डरमध्ये आहात.

- कॉपी झाल्यावर दोन्ही बाजूंच्या फाइलची संख्या आणि एकूण आकार जुळवून बघा. फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये दोन्ही आकडे मिळतात. नुसता पहिला आणि शेवटचा व्हिडिओ चालवून बघणं पुरत नाही, पण तेही करा.

दुसऱ्या हार्ड डिस्कवर आणखी एक प्रत झाल्याशिवाय कार्ड रिकामं करायचं नाही. आणि रिकामं करायचं ते कॅमेऱ्यात फॉरमॅट करून, कॉम्प्युटरवर नाही.

नाव बदलायचं का?

बदला, पण कॉपीत. मूळ फोल्डरला हात लावायचा नाही. कार्डावर असतानाच ०००००.एमटीएस चं नाव 'हळद' केलं तर कॅमेऱ्याला ती क्लिप सापडत नाही आणि कधी कधी डेटाबेस बिघडल्याचा निरोप येतो.

कामासाठी वेगळी प्रत काढा आणि तिथं तारीख, गाव, प्रसंग असं नाव द्या. शेवटी कॅमेऱ्यानं दिलेला जुना नंबर मात्र ठेवाच : '२०२६०१२६_वाघोली_झेंडावंदन_एमव्हीआय०४५१'. म्हणजे दोन वर्षांनी कुणी मूळ क्लिप मागितली तरी ती लगेच सापडते. स्वतः नंबर देत असाल तर १, २, १० असं न लिहिता ००१, ००२, ०१० असं लिहा. नाहीतर काही टीव्हीवर १ नंतर थेट १० वाजतो आणि २ मागं पडतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली क्लिप मूळ राहत नाही

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या व्हिडिओचं नाव 'व्हीआयडी-२०२५०८१५-डब्ल्यूए०००७' असं असतं. त्यातली तारीख शूटिंगची नसते, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्या किंवा आल्याच्या दिवसाची असते. व्हिडिओ दाबून लहान केलेला असतो आणि मूळ नावही जातं. पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. मग फाइल आणि तिचं नाव जसंच्या तसं जातं. आणि ग्रुपवर टाकला म्हणून गॅलरीतला मूळ व्हिडिओ पुसू नका. पिकाच्या नुकसानीचा, बांधाच्या वादाचा किंवा अपघाताचा व्हिडिओ असेल तर अजिबात नाही.

कोर्टात मूळ क्लिपला किंमत का?

याचं मोठं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांच्या विरोधातले उमेदवार कैलास गोरंट्याल हायकोर्टात गेले. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाले असं त्यांचं म्हणणं होतं. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आणि बाहेर कॅमेरे लावलेले होते, त्या चित्रीकरणाच्या सीडी कोर्टापुढं आल्या. पण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी कायद्यानं लागणारं प्रमाणपत्र काही मिळत नव्हतं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १४ जुलै २०२० रोजी निकाल लागला. कोर्टानं स्पष्ट केलं, की प्रत सादर करायची तर प्रमाणपत्र हवंच. मात्र ज्यात मूळ रेकॉर्डिंग आहे ते उपकरणच मालकानं साक्षीला उभं राहून दाखवलं, तर प्रमाणपत्राची गरज नाही.

१ जुलै २०२४ पासून पुराव्याचा नवा कायदा, म्हणजे भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ मध्ये हे प्रमाणपत्र आलं आहे. त्यात फाइलची 'हॅश व्हॅल्यू' लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा समजा. फाइलमध्ये एक कण जरी बदलला तरी ठसा बदलतो. नुसतं नाव बदललं तर हॅश बदलत नाही. पण क्लिप कापली, जोडली किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरवली तर बदलते.

फाइलच्या नंबरावर त्या निकालात काही म्हटलेलं नाही. पण व्यवहारात त्याचा उपयोग होतो. ०४५१ ते ०४६० सलग दहा क्लिप असतील आणि मधली ०४५५ नसेल, तर समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारणार : तिच्यात काय होतं? म्हणून वादाच्या प्रसंगाचं शूटिंग असेल तर हललेली, अंधारी, चुकून सुरू राहिलेली क्लिपसुद्धा पुसू नका. शक्य असेल तर ते कार्डच बाजूला काढून ठेवा. कार्डाची किंमत वादापेक्षा नक्कीच कमी असते. प्रमाणपत्राचं काम मात्र वकिलाला विचारूनच करा.

क्लिप गेलीच तर?

आधी घाबरून काही करू नका. कार्ड फॉरमॅट झालेलं नसेल तर मूळ क्लिप तिथंच आहे, पुन्हा वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी करा. कार्ड फॉरमॅट झालं असेल तर त्यावर पुढं एकही शॉट घेऊ नका, कारण नवीन रेकॉर्डिंग जुन्याच्या जागेवर बसतं. 'फोटोरेक', 'रिकुव्हा' अशा सॉफ्टवेअरनं काही वेळा क्लिप परत मिळतात. मिळालेल्या फाइल त्याच कार्डावर सेव्ह करू नका. आणि परत आलेल्या फाइलची नावं बहुतेक वेळा गेलेली असतात, एकेक उघडून ओळखावी लागते. मोठी क्लिप तर कधी तुकड्यांतच येते.

गावाचं जुनं शूटिंग आजच काढा

३० जून २०२१ च्या अधिसूचनेनं वाघोलीसह २३ गावं पुणे महापालिकेत गेली. त्यामुळं वाघोलीत आता ग्रामसभा होत नाही. जुन्या ग्रामसभा, चावडीवरच्या बैठका, रस्ता रुंद व्हायच्या आधीची बाजारपेठ, दगडखाणींचा परिसर, यांचं कुणाकडं शूटिंग असेल तर ते तेवढंच आहे, नव्यानं होणार नाही. अशा जुन्या सीडी आणि कार्डांवर बऱ्याचदा तीच तीच नावं आणि नंबर पुन्हा येतात. काढताना एक सीडी म्हणजे एक फोल्डर, हा नियम पाळा. तारीख आठवत नसेल तर नुसतं वर्ष लिहा. वर्षही आठवत नसेल तर सरपंच कोण होते ते लिहा, गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून पुढं वर्ष लावता येतं.

थोडक्यात लक्षात ठेवा

१) शूटिंगआधी घड्याळ बघा, फाइल नंबर 'कंटिन्युअस' ठेवा.
२) कार्डाला नंबर, भरलं की लॉक.
३) एक कार्ड, एक फोल्डर. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस.
४) अख्खं कार्ड कॉपी, कट नाही. 'बदलू का' ला कायम 'नाही'.
५) संख्या आणि आकार जुळवा, दुसरी प्रत करा, मगच कॅमेऱ्यात फॉरमॅट.
६) नाव बदलायचं ते कॉपीत, जुना नंबर शेवटी ठेवून.
७) वादाची क्लिप असेल तर मूळ कार्ड जपून ठेवा.

ज्वारी पोत्यात भरताना आपण कोणत्या रानाची कोणती हे पोत्यावर लिहितोच. तेवढीच सवय कार्डाला लावायची. लगीनसराई सुरू व्हायच्या आत गावातल्या शूटिंगवाल्या पोरांपर्यंत ही माहिती जाऊ द्या.